क्युबरनेटिसमध्ये लेबल आणि ॲनोटेशन: कमांड लाइनवरून मेटाडेटा कसा लावायचा आणि कुठे जपून राहायचं



आज आपण क्युबरनेटिसमधल्या दोन छोट्या कमांड पाहणार आहोत: 'लेबल' आणि 'ॲनोटेट'. दोन्ही एकाच साच्यातल्या आहेत. दोन्ही एखाद्या रिसोर्सला एक नाव आणि त्याची किंमत, म्हणजे की आणि व्हॅल्यू, चिकटवतात. शिकायला पाच मिनिटं लागतात. मीसुद्धा पाच मिनिटांतच शिकलो होतो, आणि नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याच पाच मिनिटांच्या ज्ञानावर आमची प्रॉडक्शन सिस्टिम बंद पाडली होती.

झालं असं, की क्लाउडचं बिल वाढलं होतं आणि कोणत्या टीमचा किती खर्च होतो ते वेगळं काढायचं होतं. मला सांगितलं, "प्रत्येक पॉडला टीमचं नाव लाव." मी पाहिलं तर प्रत्येक पॉडवर 'ॲप' नावाचं लेबल आधीपासून होतंच. मला वाटलं, नुसतं नावच तर आहे, तिथेच टीमचं नाव टाकू. एक कमांड दिली, एंटर दाबलं. एकवीस पॉडची नावं सरसर स्क्रीनवर आली आणि प्रत्येकापुढे 'लेबल्ड' लिहिलेलं. एकही एरर नाही. दीड मिनिटात सपोर्टवाल्यांचा फोन आला, की वेबसाइट उघडत नाहीये.

नेमकं काय झालं ते पुढे सांगतो. ते समजलं, की लेबल आणि ॲनोटेशन यांतला फरक कायमचा लक्षात राहतो.

एक सूचना: या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. 'क्युबसीटीएल' ही मुख्य कमांड. कोणी तिला 'क्युब कंट्रोल' म्हणतं, कोणी 'क्युब कटल'. टाइप करताना सगळं सारखंच.

मेटाडेटा म्हणजे काय?

क्युबरनेटिसमधल्या प्रत्येक रिसोर्सला (पॉड, डिप्लॉयमेंट, सर्व्हिस, नोड, नेमस्पेस) मेटाडेटा नावाचा एक भाग असतो. त्यात रिसोर्सचं नाव, नेमस्पेस, युआयडी, तयार झाल्याची वेळ अशा गोष्टी असतात. त्यांतल्या बऱ्याच आपण नंतर बदलू शकत नाही. पण दोन कप्पे आपल्यासाठी मोकळे ठेवलेले आहेत: लेबल्स आणि ॲनोटेशन्स.

फरक समजायला एसटी स्टँडवर जाऊ.

गाडीच्या पुढे पाटी असते: 'सातारा'. प्रवासी ती पाटी बघून गाडीत चढतात. वाहतूक नियंत्रकही साताऱ्याच्या गाड्या मोजतो त्या पाटीवरूनच. आणि चालकाच्या केबिनमध्ये गाडीची कागदोपत्री नोंद असते: टायर कधी बदलले, डिझेल किती भरलं, ब्रेकबद्दल काय तक्रार आहे. ती माहिती महत्त्वाची असते, पण ती वाचून कोणी गाडीत चढत नाही.

पाटी म्हणजे लेबल. केबिनमधली नोंद म्हणजे ॲनोटेशन.

आता उभ्या गाडीची पाटी कोणी 'सातारा'ऐवजी 'कोल्हापूर' केली तर? साताऱ्याचे प्रवासी चढायचे थांबतील. नियंत्रक म्हणेल, साताऱ्याची एक गाडी कमी आहे, दुसरी आणा. आणि पाटी बदललेली गाडी इंजिन चालू ठेवून तिथेच उभी राहील, कोणाच्याच हिशेबात नसलेली. क्युबरनेटिसमध्ये अगदी हेच होतं. तिथेही मोजणाऱ्या प्रोग्रामला कंट्रोलरच म्हणतात.

लेबल्स आली कुठून?

क्युबरनेटिस गूगलने २०१४ मध्ये जाहीर केलं. त्याआधी कित्येक वर्षं गूगलमध्ये 'बोर्ग' नावाची अंतर्गत यंत्रणा हेच काम करत होती. बोर्गमध्ये कामं एकत्र धरायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे 'जॉब'. अनेक जॉब मिळून बनलेली एक सेवा, किंवा एकाच जॉबमधल्या फक्त काही टास्क, असा गट धरायची सोय नव्हती. मग लोक जॉबच्या नावातच सगळी माहिती कोंबायचे आणि नंतर ते नाव फोडून वाचायचे. बोर्गवरचा शोधनिबंध २०१५ मध्ये आला. त्यात ही अडचण लिहिली आहे, आणि क्युबरनेटिसने त्यावर लेबल्सचा उपाय काढल्याचंही म्हटलं आहे.

म्हणजे लेबल ही शोभेची गोष्ट कधीच नव्हती. क्युबरनेटिसमध्ये कोण कोणाशी जोडलेलं आहे, हे बऱ्याच अंशी लेबल्सच ठरवतात. सर्व्हिसला तिचे पॉड लेबलवरून सापडतात. रेप्लिकासेट आपले पॉड लेबलवरून मोजतो. नेटवर्क पॉलिसी कोणाला लागू करायची, तेही लेबलवरून ठरतं.

काय लिहिता येतं, काय नाही

की लिहायचे नियम दोन्हींना सारखे आहेत:

- की चे दोन भाग असतात: ऐच्छिक प्रीफिक्स आणि नाव. मध्ये तिरपी रेघ. उदाहरणार्थ 'ॲप.क्युबरनेटिस.आयओ/नेम'.
- नाव जास्तीत जास्त ६३ अक्षरांचं. रोमन अक्षरं, अंक, डॅश, अंडरस्कोर आणि टिंब चालतात, पण सुरुवात आणि शेवट अक्षराने किंवा अंकानेच व्हायला हवा.
- प्रीफिक्स डोमेनसारखा लिहायचा, जास्तीत जास्त २५३ अक्षरं. 'क्युबरनेटिस.आयओ' आणि 'केएटएस.आयओ' हे प्रीफिक्स क्युबरनेटिसच्या स्वतःच्या भागांसाठी राखीव आहेत. आपल्या की साठी कंपनीचं डोमेन वापरा.

व्हॅल्यूच्या बाबतीत मात्र मोठा फरक आहे.

लेबलची व्हॅल्यूही ६३ अक्षरांच्या आतच, आणि तिलाही तीच बंधनं. स्पेस चालत नाही. ॲटचं चिन्ह चालत नाही, म्हणजे ईमेल पत्ता लेबलमध्ये बसत नाही. वेबसाइटची लिंक बसत नाही. देवनागरी अजिबात चालत नाही. रिकामी व्हॅल्यू मात्र चालते.

ॲनोटेशनच्या व्हॅल्यूला असं काही बंधन नाही. लांब वाक्य, लिंक, जेसॉन, ईमेल, काहीही लिहा. मराठीतसुद्धा लिहा. "हा पॉड दुपारी बंद करू नका, मेसेजचं काम चालू असतं" असं ॲनोटेशन मी खरंच लावलेलं आहे. मर्यादा एवढीच, की एका रिसोर्सवरच्या सगळ्या ॲनोटेशन्सचा एकूण आकार २५६ किलोबाइटच्या आत हवा.

एक गोष्ट दोन्हीकडे लागू आहे: पासवर्ड, टोकन यांपैकी काहीही इथे लिहू नका. पॉड बघायची परवानगी असलेल्या प्रत्येकाला ते दिसतं.

लेबलची कमांड

नवीन लेबल लावायचं:

क्युबसीटीएल लेबल पॉड ऑर्डर-१ टीम=विक्री

लेबल्स बघायची:

क्युबसीटीएल गेट पॉड्स --शो-लेबल्स

यात सगळी लेबल्स एका लांब ओळीत येतात आणि वाचताना डोळे दुखतात. त्यापेक्षा हवं तेवढंच लेबल वेगळ्या कॉलममध्ये मागा. त्यासाठी मोठा एल:

क्युबसीटीएल गेट पॉड्स -एल टीम

आणि ज्यांच्यावर विशिष्ट लेबल आहे तेवढेच पॉड हवे असतील तर छोटा एल:

क्युबसीटीएल गेट पॉड्स -एल टीम=विक्री

मोठा एल फक्त दाखवतो, छोटा एल निवडतो. सुरुवातीला यात सगळ्यांचाच गोंधळ होतो.

आधीच असलेलं लेबल बदलायला गेलात तर कमांड नकार देते आणि सांगते, की या की ला आधीच व्हॅल्यू आहे आणि ओव्हरराइट बंद आहे. बदलायचंच असेल तर:

क्युबसीटीएल लेबल पॉड ऑर्डर-१ टीम=बिलिंग --ओव्हरराइट

लेबल काढायचं असेल तर की च्या पुढे लगेच डॅश द्यायचा, मध्ये स्पेस नाही:

क्युबसीटीएल लेबल पॉड ऑर्डर-१ टीम-

एकाच वेळी अनेक रिसोर्सना लावायचं असेल तर छोट्या एलने निवडता येतं, किंवा --ऑल देऊन त्या नेमस्पेसमधले त्या प्रकारचे सगळे घेता येतात. --ऑल लिहिताना हात जरा आवरता घ्या. माझी कहाणी तिथूनच सुरू होते.

निवडीची भाषा

छोट्या एलपुढे जे लिहितो त्याला सिलेक्टर म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बरोबर किंवा नाबरोबर: 'टीम=विक्री', 'टीम!=विक्री'. दुसरा यादीचा: 'एन्व्ह इन (प्रॉड, स्टेजिंग)', 'एन्व्ह नॉटइन (डेव्ह)'. नुसती की लिहिली तर ती की असलेले सगळे, आणि की च्या आधी उद्गारचिन्ह दिलं तर ती की नसलेले सगळे. कंस आणि उद्गारचिन्ह शेलला वेगळे अर्थ सांगतात, म्हणून सिलेक्टर सिंगल कोट्समध्ये लिहायची सवय लावा.

दोन अटींमध्ये स्वल्पविराम दिला तर त्याचा अर्थ 'आणि'. 'किंवा' साठी चिन्हच नाही. एकाच की च्या अनेक व्हॅल्यू हव्या असतील तर 'इन' वापरायचं.

आणि एक फसवी जागा: 'टीम!=विक्री' म्हटलं की ज्यांच्यावर टीमचं लेबलच नाही असे पॉडही त्यात येतात. 'विक्री सोडून बाकीच्या टीमचे पॉड' असं समजून कोणी ही निवड डिलीटला दिली, तर लेबल नसलेले बिचारे पॉडही जातील. नेमकं हवं असेल तर 'टीम,टीम!=विक्री' असं लिहा. म्हणजे लेबल असलं पाहिजे आणि ते विक्री नसलं पाहिजे.

ॲनोटेटची कमांड

साचा तोच आहे:

क्युबसीटीएल ॲनोटेट डिप्लॉयमेंट ऑर्डर संपर्क='विक्री टीम, रात्री अकरानंतर ऑन-कॉल नंबरवर फोन करा'

बदलायचं असेल तर --ओव्हरराइट. काढायचं असेल तर की पुढे डॅश. लेबलसारखंच. बघायला:

क्युबसीटीएल ॲनोटेट डिप्लॉयमेंट ऑर्डर --लिस्ट

हीच --लिस्ट 'लेबल' कमांडलाही चालते. 'डिस्क्राइब' केलं तरी दोन्ही दिसतात.

एक गोष्ट ॲनोटेशनने होत नाही: निवड. "ज्यांच्यावर अमुक ॲनोटेशन आहे ते पॉड दाखव" असं छोट्या एलला सांगता येत नाही. त्यामुळे ठरवायचा प्रश्न सोपा आहे. या माहितीवरून मला, किंवा एखाद्या प्रोग्रामला, रिसोर्स शोधायचे किंवा गटात धरायचे आहेत का? हो असेल तर लेबल. फक्त रिसोर्स हातात आल्यावर वाचायची असेल तर ॲनोटेशन.

टीमचा खर्च काढायचा म्हणजे टीमनुसार गट करायचे, म्हणून मी लेबल निवडलं ते बरोबरच होतं. चूक की निवडण्यात झाली.

त्या दुपारी काय झालं

मी दिलेली कमांड साधारण अशी होती:

क्युबसीटीएल लेबल पॉड्स --ऑल ॲप=विक्री --ओव्हरराइट

त्या नेमस्पेसमध्ये आठ डिप्लॉयमेंट होत्या. प्रत्येकीच्या पॉडवर 'ॲप=ऑर्डर', 'ॲप=बिल', 'ॲप=मेसेज' अशी लेबल्स होती, आणि प्रत्येक सर्व्हिस आपले पॉड त्यावरूनच शोधत होती. मी सगळ्या पाट्या एका झटक्यात बदलल्या. मग तीन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी झाल्या.

एक: सर्व्हिसला तिचा एकही पॉड सापडेना. तिच्या मागची पत्त्यांची यादी रिकामी झाली. पॉड ठणठणीत होते, चालू होते, पण त्यांच्याकडे रिक्वेस्ट जाणं थांबलं. वेबसाइटवर ५०३ दिसायला लागलं.

दोन: प्रत्येक रेप्लिकासेटने मोजणी केली. आपले पॉड शून्य! त्याने जुन्या पॉडवरची मालकीची नोंद काढून टाकली आणि नवे पॉड मागवले. एकवीस चालू होते, आणखी एकवीस आले. नोडवर एवढी जागा नव्हती, त्यामुळे काही 'पेंडिंग'मध्ये अडकले. जे सुरू झाले ते जावाचे. त्यांना तयार व्हायला दोन-तीन मिनिटं लागतातच.

तीन: जुने पॉड कोणी बंद केले नाहीत. ते आता कोणाचेच नव्हते, पण काम करत होते. त्यांत मेसेज पाठवणारा एक पॉड होता. तो एकटाच चालणार असं धरून लिहिलेला होता. ठरलेल्या वेळी तो उठला, आणि त्याच्या जागी आलेला नवा पॉडही उठला. काही ग्राहकांना एकच बिल भरल्याचे दोन-दोन एसएमएस गेले. त्यांचे फोन पुढचे दोन दिवस येत होते: "पैसे दोनदा कापले का?" पैसे एकदाच कापले होते. पण हे प्रत्येकाला समजावत बसली ती सपोर्टची ताई, मी नाही. ते मला जास्त लागलं.

मी घाबरून नवे पॉड डिलीट करायला निघालो होतो. शेजारी बसणारे आमचे सीनिअर म्हणाले, "थांब. काही डिलीट करू नकोस. पाटी परत लाव."

उपाय खरंच तेवढाच होता. जुन्या पॉडना जुनं लेबल मिळालं, की रेप्लिकासेटचा सिलेक्टर त्यांना पुन्हा ओळखतो आणि मालक नसलेल्या पॉडना दत्तक घेतो. मग त्याच्याकडे हवेत त्यापेक्षा जास्त पॉड होतात आणि तो जास्तीचे काढून टाकतो. काढताना पेंडिंग आणि अजून तयार न झालेले पॉड आधी जातात. म्हणजे आपले जुने, चालू असलेले पॉड राहतात.

पण जुनी व्हॅल्यू कोणती होती? मी तर सगळ्यांवर 'विक्री' लिहून बसलो होतो. इथे आम्हाला वाचवलं दुसऱ्या एका लेबलने. डिप्लॉयमेंट आपल्या पॉडवर 'पॉड-टेम्प्लेट-हॅश' नावाचं लेबल स्वतःहून लावते, आणि त्याला मी हात लावला नव्हता. प्रत्येक डिप्लॉयमेंटचा हॅश घेतला आणि एकेक करून:

क्युबसीटीएल लेबल पॉड्स -एल पॉड-टेम्प्लेट-हॅश=अमुक ॲप=ऑर्डर --ओव्हरराइट

नव्या पॉडवरही तोच हॅश असतो, पण त्यांचं ॲप लेबल आधीच बरोबर असल्यामुळे काही बिघडत नाही. आठ वेळा ही कमांड दिली. सगळं मिळून सहा-सात मिनिटं गेली.

हीच गोष्ट मुद्दाम करायची असेल तर

गंमत म्हणजे मी चुकून जे केलं ते एका पॉडच्या बाबतीत मुद्दाम करणं ही चांगली युक्ती आहे. समजा पाचपैकी एक पॉड विचित्र वागतोय. डिलीट केला तर पुरावा जातो. ठेवला तर ग्राहकांना त्रास होतो. अशा वेळी फक्त त्या पॉडचं सिलेक्टरमधलं लेबल बदला:

क्युबसीटीएल लेबल पॉड ऑर्डर-३ ॲप=तपासणी --ओव्हरराइट

सर्व्हिस त्याच्याकडे रिक्वेस्ट पाठवणं थांबवते, रेप्लिकासेट त्याच्या जागी नवा आणतो, आणि तो पॉड तुमच्यासमोर जिवंत राहतो. निवांत लॉग बघा, मेमरी डंप घ्या. काम झालं की आठवणीने डिलीट करा, कारण त्याला आता मालक नाही, तो आपोआप जाणार नाही. आणि तो पॉड रांगेतून कामं उचलणारा किंवा वेळापत्रकावर चालणारा असेल तर ही युक्ती वापरू नका. सर्व्हिसपासून तोडलं तरी तो त्याचं काम करतच राहतो.

लावलेलं टिकतं का?

पॉडवर कमांडने लावलेलं लेबल त्या पॉडपुरतंच असतं. पॉड गेला की लेबल गेलं. माझी की बरोबर असती तरी पुढच्या रिलीजला सगळी 'टीम' लेबल्स पुसली गेलीच असती.

मग डिप्लॉयमेंटला लावलं तर? तेही पॉडपर्यंत पोचत नाही. 'लेबल डिप्लॉयमेंट' ही कमांड डिप्लॉयमेंटच्या स्वतःच्या मेटाडेटात लिहिते. पॉड बनतात ते टेम्प्लेटवरून. पॉडवर कायम राहायला हवं असेल तर यामल फाइलमध्ये स्पेकच्या आत, टेम्प्लेटच्या आत, त्याच्या मेटाडेटात लिहावं लागतं. टेम्प्लेट बदलला की नवा रोलआउट होतो, म्हणजे पॉड एकेक करून बदलले जातात. ते गर्दीच्या वेळी करू नका. आणि डिप्लॉयमेंटचा सिलेक्टर एकदा ठरला की बदलता येत नाही, म्हणून त्यात कोणती लेबल्स घालायची ते सुरुवातीलाच विचार करून ठरवा.

फाइल आणि कमांड यांचं भांडणही समजून घ्या. तुम्ही कमांडने एखादी नवी की लावली आणि ती फाइलमध्ये नाही, तर नेहमीचं 'अप्लाय' तिला हात लावत नाही. पण फाइलमध्ये असलेली की तुम्ही कमांडने बदलली, तर पुढचं 'अप्लाय' तिला फाइलमधल्या व्हॅल्यूवर परत आणतं. सर्व्हर-साइड अप्लाय वापरत असाल तर ते अशा वेळी थेट कॉन्फ्लिक्टची एरर देतं.

सगळीच ॲनोटेशन्स नुसत्या नोंदी नसतात

वर मी ॲनोटेशनला केबिनमधली नोंद म्हटलं. पण ती नोंद वाचून काम करणारे प्रोग्राम असतात, हेही लक्षात ठेवा. काही ओळखीची उदाहरणं:

- 'क्युबरनेटिस.आयओ/चेंज-कॉज': डिप्लॉयमेंटवर लावलं की 'रोलआउट हिस्टरी'मध्ये त्या रिव्हिजनसमोर कारण दिसतं. पूर्वी --रेकॉर्ड हा पर्याय हे काम करायचा, तो आता वापरू नका असं क्युबरनेटिसच सांगतं. प्रत्येक रिलीजनंतर एक ओळ लिहायची सवय लावा. रात्री दोन वाजता कोणत्या रिव्हिजनवर परत जायचं ते शोधताना ती फार कामाला येते.
- 'रोलआउट रीस्टार्ट' दिल्यावर क्युबसीटीएल पॉड टेम्प्लेटवर 'रीस्टार्टेड-ॲट' नावाचं ॲनोटेशन लिहितं, त्यात वेळ असते. टेम्प्लेट बदलला म्हणून पॉड नवे होतात. रीस्टार्टची सगळी जादू एवढीच.
- 'सेफ-टू-एव्हिक्ट' हे ॲनोटेशन पॉडवर 'फॉल्स' असेल तर क्लस्टर ऑटोस्केलर त्या पॉडसाठी नोड बंद करायचं टाळतो.
- स्टोरेजक्लासवर 'इज-डिफॉल्ट-क्लास' हे 'ट्रू' असेल तर ज्या क्लेममध्ये क्लासचं नाव दिलेलं नाही त्यांना तो क्लास मिळतो.
- 'लास्ट-अप्लाइड-कॉन्फिगरेशन': नेहमीचं 'अप्लाय' मागची अख्खी फाइल इथे ठेवतं आणि पुढच्या वेळी तुलना करतं. मोठी फाइल अप्लाय करताना ॲनोटेशन फार लांब झाल्याची एरर आली, तर ती २५६ किलोबाइटची मर्यादा इथे आडवी आलेली असते. सर्व्हर-साइड अप्लाय वापरलं की ही अडचण सुटते.

यामलमध्ये लिहिताना ॲनोटेशनची व्हॅल्यू स्ट्रिंगच असावी लागते. म्हणून ट्रू, फॉल्स आणि आकडे कोट्समध्ये लिहा. कमांड लाइनवर ही भानगड नाही.

नोड आणि नेमस्पेस

नोडला 'डिस्क=एसएसडी' असं लेबल लावून पॉडच्या नोड सिलेक्टरमध्ये तेच लिहिलं, की पॉड त्याच नोडवर जातो. नंतर ते लेबल काढलं तरी चालू पॉड हलत नाहीत. लेबल फक्त पॉडला जागा देताना बघितलं जातं. पण तो पॉड पुढे कधी नव्याने बनला आणि लेबल कुठेच नसलं, तर तो पेंडिंगमध्ये बसेल. अशी चूक आठवड्यांनी उघडकीस येते.

नेमस्पेसवरच्या 'पॉड-सिक्युरिटी' लेबल्सनी तिथे कोणत्या सुरक्षेचे पॉड चालतील ते ठरतं. ते लावण्याआधी कमांडच्या शेवटी --ड्राय-रन=सर्व्हर द्या. काहीही न बदलता, सध्याचे कोणते पॉड नियमात बसत नाहीत त्याच्या वॉर्निंग मिळतात.

एंटर दाबण्याआधी

माझ्या टेबलावर अजूनही चिकटवलेली यादी:

१. मी कोणत्या क्लस्टरवर आणि कोणत्या नेमस्पेसमध्ये आहे?
२. ही की कोणाच्या सिलेक्टरमध्ये आहे का? 'गेट सर्व्हिसेस' आणि 'गेट डिप्लॉयमेंट्स' ला '-ओ वाइड' दिलं की सिलेक्टरचा कॉलम दिसतो.
३. यावरून निवड करायची आहे का? नसेल तर ॲनोटेट.
४. --ऑल किंवा सिलेक्टर देणार असेन, तर त्याच निवडीने आधी 'गेट' करून यादी डोळ्यांखालून घातली का?
५. --ओव्हरराइट देणार असेन, तर आत्ताची व्हॅल्यू कुठे लिहून ठेवली का?
६. हे कायम राहायला हवं का? मग फाइलमध्ये लिही.

टीमच्या खर्चाचं काम शेवटी झालं. कंपनीच्या डोमेनचा प्रीफिक्स असलेली नवी 'टीम' की घेतली, ती प्रत्येक टेम्प्लेटमध्ये लिहिली आणि पुढच्या आठवडाभरात नेहमीच्या रिलीजबरोबर एकेक डिप्लॉयमेंट बदलत गेलो. कोणाला काही कळलंही नाही. मेसेजचा पॉडही त्यानंतर सुधारला. दोन चालले तरी एसएमएस एकदाच जाईल अशी तपासणी त्याच्या कोडमध्येच घातली, कारण पाटी पुन्हा कधीतरी कोणाकडून तरी चुकणार हे आम्ही धरून चाललो.

प्रयोग करायचा असेल तर आपल्या लॅपटॉपवर मिनीक्युब लावा, तीन पॉडची एक डिप्लॉयमेंट चालवा आणि एका पॉडचं लेबल बदलून बघा. दुसऱ्या टर्मिनलवर 'गेट पॉड्स' ला --वॉच देऊन ठेवा. चौथा पॉड येताना दिसेल. मग लेबल परत लावा आणि कोणता पॉड जातो ते बघा.